पोर्शे ९४४ चा वॉटर पंप आणि त्यामागे दडलेले टायमिंग

गाडीचा वॉटर पंप, म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजांत ज्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात तो भाग, बदलणे हे पुष्कळ जुन्या गाड्यांच्या बाबतीत अर्ध्या दिवसाचे काम असते. बाहेरचा पट्टा काढायचा, मोजके बोल्ट सोडवायचे, जुना पंप उतरवून नवे पॅकिंग घालायचे आणि नवा पंप चढवायचा. पोर्शे ९४४ ही स्पोर्ट्स कार मात्र या हिशेबात बसत नाही. तिच्या इंजिनात जो दातेरी पट्टा व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ सांभाळतो, तोच पट्टा पंपही फिरवतो. त्यामुळे पंपाला हात लावायचा तर आधी इंजिनाचे टायमिंग मोडावे लागते आणि पंप बसवून झाल्यावर ते पुन्हा अचूक लावावे लागते. हा लेख पंपाविषयी असला तरी त्याचा मोठा भाग टायमिंगविषयी आहे, कारण या कामातला खरा धोका तिथेच आहे.

९४४ ही गाडी १९८२ ते १९९१ या काळात बनली. सर्व प्रकार मिळून सुमारे १ लाख ६३ हजार गाड्या तयार झाल्या आणि त्यांपैकी बहुतेक पोर्शेच्या स्वतःच्या कारखान्यात नव्हे, तर जर्मनीतल्या नेकारझुल्म येथील आउडीच्या कारखान्यात जोडल्या गेल्या. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, अशी तिची रचना आहे. तिचे अडीच लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन पोर्शे ९२८ च्या आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या एका बाजूवर बेतलेले असून त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो मुख्य सांगाडा, अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचा आहे. यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा आज तिशी ओलांडलेली आहे. पुढचे वर्णन या मालिकेतल्या आठ व्हॉल्व्हच्या साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला धरून आहे.

पंपाचे काम समजले की त्याच्या दुखण्यांचा उलगडा आपोआप होतो. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातला साधारण एक तृतीयांश भागच चाकांच्या उपयोगी पडतो. जवळपास तेवढीच उष्णता धुरावाटे निघून जाते आणि उरलेला मोठा वाटा इंजिनाच्या अंगात मुरतो. तो बाहेर काढण्यासाठी कूलंट, म्हणजे थंड करणारे द्रव, ब्लॉकमधून आणि त्यावर व्हॉल्व्हसह बसलेल्या हेडमधून खेळवावे लागते, रेडिएटरमध्ये नेऊन थंड करावे लागते आणि परत आणावे लागते. हे खेळवण्याचे काम पंपाच्या आतले पात्यांचे चाक, म्हणजे इंपेलर, करते. ताक घुसळताना रवी वेगाने फिरली की ताक मडक्याच्या कडेला चढते आणि मधोमध खळगा पडतो. इंपेलर नेमके हेच करतो. तो कूलंटला कडेला फेकतो, मध्यभागी दाब कमी होतो आणि त्या जागी रेडिएटरकडून आलेले थंड कूलंट ओढले जाते. विहिरीवरचा सेंट्रिफ्युगल पंपही याच तत्त्वावर चालतो.

इंपेलरचा शाफ्ट एका बेअरिंगवर फिरतो आणि कूलंट त्या बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून मधे एक सील असते. सीलच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि त्यांच्यामध्ये कूलंटचाच अगदी पातळ थर वंगणासारखा राहतो. कूलंट जुने होऊन त्यातली गंजरोधक द्रव्ये संपली, किंवा गाडी महिनोन्महिने उभी राहून त्या चकत्या कोरड्या पडल्या, की सील झिजते. उन्हाळ्यातले चार रविवार सोडले तर बाहेर न निघणाऱ्या गाड्यांचे पंप म्हणूनच कमी किलोमीटरमध्येही जातात. सील गळू लागल्यावर थेंब बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावेत यासाठी पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. त्या छिद्रातून ओल दिसू लागली की पंपाचे आयुष्य संपत आले असे समजावे.

अडचण अशी की ९४४ मध्ये हा पंप पट्ट्याच्या आवरणामागे झाकलेला असतो, म्हणून ते छिद्र सहजी दिसत नाही. दिसतात त्या पुढच्या खुणा: इंजिनाच्या पुढच्या भागाखाली पडलेले थेंब, गाडीजवळ येणारा गोडसर वास, आवरणाच्या खालच्या कडेला सुकलेले पांढरट किंवा निळसर डाग, आणि कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरणे. बेअरिंग गेले असेल तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारा घरघराट ऐकू येतो. पण पातळी उतरते म्हणजे पंपच गेला, असा निष्कर्ष घाईने काढू नये. या इंजिनात तेल थंड करणारा कूलर ब्लॉकच्या बाजूलाच बसवलेला असतो आणि त्याची सीले कडक झाली की तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात. कूलंटच्या टाकीत दुधी रंगाचा चिकट साका दिसला तर आधी तिकडे, आणि हेड गॅस्केटकडे, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांमधल्या पॅकिंगकडे, पाहावे. पंप बदलून ते दुखणे बरे होणार नाही.

गळका पंप ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणून ठेवण्यासारखा का नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. या इंजिनात पिस्टन वर येतो ती जागा आणि उघडा व्हॉल्व्ह खाली उतरतो ती जागा एकच आहे. दोघे एकमेकांना लागत नाहीत, कारण टायमिंग बेल्ट, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला दातेरी पट्टा, त्यांना ठरलेल्या पाळीने तिथे पाठवतो. पंपाचे बेअरिंग जाम झाले तर पट्ट्याचे दाते सोलले जातात. बेअरिंग ढिले होऊन पुली डगमगू लागली तर पट्टा सरकतो. यातले काहीही झाले की व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, जागच्या जागी थांबतो, पिस्टनांना जोडलेला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, मात्र फिरत राहतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. वाकलेले व्हॉल्व्ह बदलण्यासाठी हेड उतरवावे लागते, आणि जुन्या ९४४ च्या बाबतीत हा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीच्या बरोबरीला जातो. एका छोट्या बेअरिंगपायी चांगली गाडी भंगारात जाताना पाहणे फार क्लेशदायक असते.

यावरून एक नियम निघतो, आणि त्याबाबत माझे मत पक्के आहे: पंप बदलायचा तर पट्टे, त्यांचे रोलर आणि पुढची तेलाची सीले त्याच वेळी बदलावीत, आणि पट्टा बदलायची वेळ झाली असेल तर पंप चांगला वाटत असला तरी त्याचाही विचार तेव्हाच करावा. दोन्ही कामांत उलगडायचा पसारा एकच आहे. नवा पंप मागवताना गाडीचे वर्ष आणि चेसिस नंबर देऊनच मागवावा, कारण उत्पादनाच्या काळात या भागांत बदल होत गेले. १९८७ च्या सुमारास, उदाहरणार्थ, पट्ट्याला ताण देण्यासाठी स्प्रिंगचा टेन्शनर आला आणि त्याआधीच्या गाड्यांत तो नाही.

काम पूर्णपणे गार झालेल्या इंजिनावरच सुरू करावे. कूलंट प्रेशर कुकरप्रमाणे दाबाखाली असते आणि गरम इंजिनाचे झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर उसळते. बॅटरीची वायर काढावी, गाडी जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवावी, खालचे आवरण काढावे आणि कूलंट मोठ्या परातीत किंवा ट्रेमध्ये उतरवून घ्यावे. जमिनीवर सांडलेले कूलंट तसेच सोडू नये. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि थोडेसेही त्यांच्या जिवावर बेतते. यानंतर रेडिएटरमागचे विजेचे पंखे आणि अल्टरनेटर, एसी, पॉवर स्टिअरिंग यांचे बाहेरचे पट्टे काढून जागा मोकळी करावी. हा भाग वेळखाऊ आहे, पण अवघड नाही.

अवघड भाग इथून पुढे सुरू होतो. पट्टा उतरवण्यापूर्वी इंजिन एका ठरावीक स्थितीत आणून ठेवायचे असते. ती स्थिती म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणि त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. त्यासाठी क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाचा २४ मिलिमीटरचा बोल्ट गोटी पान्याने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सावकाश फिरवावा. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते; त्याच्या आवरणाला, म्हणजे बेलहाउसिंगला, असलेल्या छोट्या खिडकीतून त्या चाकावर ‘ओटी’ ही खूण दिसते. ‘ओबरर टोटपुंक्ट’, म्हणजे वरचा अंतिम बिंदू, या जर्मन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. इथे पुष्कळांची फसगत होते. चार स्ट्रोकच्या एका चक्रात क्रँकशाफ्ट दोन वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट एकदाच, म्हणून ही खूण चक्रात दोनदा समोर येते आणि त्यातली एकच वेळ आपल्या उपयोगाची असते. ती ओळखण्यासाठी इंजिनाच्या पुढच्या बाजूचे डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाचे, झाकण आणि त्यातला रोटर काढून कॅमशाफ्टच्या दातेरी चाकावरची खूण पाहावी. ती मागच्या आवरणावरच्या खाचेसमोर आली असेल तरच आपण योग्य जागी आहोत. नसेल, तर क्रँकशाफ्ट आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा. दोन्ही खुणा जुळल्यावर त्यांचे फोटो काढून ठेवावेत आणि पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका लावावा.

आता फ्लायव्हील त्याच्या दात्यांत अडकणाऱ्या कुलपाने अडवावे आणि क्रँकशाफ्टचा बोल्ट ढिला करावा. तो २१० न्यूटन-मीटर इतका आवळलेला असतो. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला २१ किलो वजन टांगावे एवढा हा जोर आहे. गिअर टाकून, कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवून हा बोल्ट सोडवण्याची पद्धत प्रचलित आहे, पण तीत इंजिन थोडेसे सरकते आणि लावलेली खूण चुकते. कुलूप उसने मिळाले तरी आणावे.

आवरणे निघाल्यावर समोर एक नव्हे तर दोन पट्टे दिसतात. पुढचा पट्टा बॅलन्स शाफ्टचा आहे. चार सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात जी बारीक थरथर असते ती मारण्यासाठी या इंजिनात दोन शाफ्ट क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने आणि एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. ही रचना पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेऊन वापरली. एका शाफ्टला उलटे फिरवायचे म्हणून या पट्ट्याला आत-बाहेर दोन्ही अंगांनी दाते आहेत. त्याच्या चाकांवरही खुणा असतात आणि त्या चुकीच्या लावल्या तर इंजिन फुटत नाही, पण ज्या थरथरीसाठी एवढा खटाटोप केला ती वाढते. हा पट्टा काढल्यावर मागचा टायमिंग बेल्ट टेन्शनर ढिला करून उतरवता येतो. तो उतरल्या क्षणापासून नवा चढेपर्यंत कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट यांपैकी काहीही फिरवायचे नाही. जुना पट्टा परत वापरण्याचा मोह सर्वथा टाळावा.

पंप समोर आला की मन घाई करू लागते आणि नेमके तिथेच बोल्ट तुटतात. पंप ब्लॉकला ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टांनी धरलेला असतो. बोल्ट पोलादी, ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि मधे तीस-चाळीस वर्षे मुरलेली ओल. असे दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र राहिले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया चालते आणि अॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून ती आट्यांमध्ये गच्च बसून बोल्टला चहूबाजूंनी आवळते. अशा बोल्टवर जोर केला तर आटे सुटत नाहीत, बोल्टचे डोके तुटते. म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल घालून ठेवावे. सकाळी बोल्टच्या भोवतीचा भाग हॉट एअर गनने तापवावा. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगते आणि पकड सैलावते. मग छोट्या पान्याने आधी किंचित घट्ट, मग किंचित सैल, असे मागे-पुढे करत बोल्ट बाहेर आणावा. किंचाळल्यासारखा आवाज आला किंवा पान्याखाली बोल्ट मऊ लागला तर लगेच थांबावे आणि पुन्हा तापवावे. एवढे करूनही तुटलाच, तर पंप उतरल्यावर उरलेला तुकडा पक्कड लावण्याइतका बाहेर असतो का ते पाहावे. नसेल तर बरोबर मध्यावर भोक पाडून तो काढण्याचे काम लेथवाल्या कुशल माणसाकडे सोपवण्यात काहीच कमीपणा नाही. अॅल्युमिनियममध्ये ड्रिल कडेला घसरले की ब्लॉकच बिघडतो.

बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट निघाला तसा त्याच्या जागी टोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकून घट्ट झाल्याचा भास होतो आणि पंप मात्र सैल राहतो.

जुना पंप निघाल्यावर त्याच्या इंपेलरकडे आणि ब्लॉकमधल्या त्याच्या घराकडे उजेडात पाहावे. बेअरिंग ढिले होऊन इंपेलर ब्लॉकला घासला असेल तर तिथे गोलाकार ओरखडे दिसतात, आणि खोल ओरखडे असतील तर नव्या पंपालाही पाणी फेकायला त्रास होतो. पॅकिंगचे अवशेष प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडावेत. छन्नी किंवा ब्लेडने अॅल्युमिनियमवर ओढलेली एक रेघसुद्धा पुढे गळतीची वाट होते. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, या गाडीत पंपाच्याच तोंडात, एका स्प्रिंगच्या कडीने अडकवलेला असतो. तोही नवाच घालावा. नव्या पॅकिंगसह पंप बसवून सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत आणि मग समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. या बोल्टांना लागणारा जोर साधारण ८ न्यूटन-मीटर आहे. १० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला आठ किलो टांगले तर जेवढा पीळ पडेल तेवढाच. क्रँकशाफ्टच्या बोल्टशी झुंज दिलेल्या हाताला हे फार कमी वाटते आणि तो हात नकळत आटे मारून बसतो. इथे छोटा टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, हवाच.

नवा टायमिंग बेल्ट चढवताना खुणा जुळलेल्या ठेवून, टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला पट्टा ताठ राहील असा बसवावा, म्हणजे सगळी ढील टेन्शनरकडे येते. त्यानंतर ताण. ढिला पट्टा दाता चुकवतो. फार ताणलेला पट्टा कण्हल्यासारखा आवाज करतो, लवकर फाटतो आणि आत्ताच बसवलेल्या पंपाच्या बेअरिंगवर सतत ओढ ठेवून ते खातो. पट्टा बोटांनी पिळून पाहायचा आणि चौथाई वळण आले की ताण बरोबर, असा ठोकताळा सांगितला जातो. पण एकाच्या बोटातला जोर दुसऱ्याच्या बोटात नसतो. पोर्शेने यासाठी ‘पी ९२०१’ हे मोजमापाचे साधन ठरवून दिलेले आहे. ते महाग आहे, म्हणून भाड्याने किंवा क्लबमधून मिळवणे शहाणपणाचे. १९८७ नंतरच्या स्प्रिंगच्या टेन्शनरने हा प्रश्न बराच सोपा केला, कारण तिथे ताण स्प्रिंग ठरवते आणि आपण फक्त तो कुलूपबंद करतो.

यानंतर, चावीला हात लावण्यापूर्वी, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. दोनच का, तर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा पुरा होतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. फिरवायचे ते घड्याळाच्या दिशेनेच, कारण उलट फिरवल्यास ढील नको त्या बाजूला जाऊन दाता चुकू शकतो. वाटेत कुठे कडक लागले, पान्याला एकदम अडथळा आला, तर जोर करू नये. तो बहुधा पिस्टन व्हॉल्व्हला टेकल्याचा स्पर्श असतो आणि हाताच्या वेगाने टेकल्यामुळे अजून काही बिघडलेले नसते. दोन फेऱ्यांनंतर फ्लायव्हीलची आणि कॅमची खूण पुन्हा एकाच वेळी जुळायला हवी. एका दात्याचाही फरक असेल तर पट्टा उतरवून पुन्हा लावावा. संध्याकाळ झाली आहे, सगळे दमले आहेत, तरीही. ती खूण जुळली की मगच बॅलन्स शाफ्टचा पट्टा, आवरणे आणि बाकीचा पसारा परत बसवावा.

शेवटी कूलंट भरणे. ते फॉस्फेटविरहित, अॅल्युमिनियमच्या इंजिनाला चालणारे असावे आणि त्यात शुद्ध केलेले पाणी निम्मे-निम्मे मिसळावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी नको. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटार नुसतीच फिरते आणि पाणी चढत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. इथेही तोच प्रकार होतो. इंपेलर पाणी फेकू शकतो, हवा नाही. हेडमध्ये हवेचा गोळा अडकला तर तिथला धातू एकटाच तापतो आणि तापमानाचा काटा, त्याच्या सेन्सरला पाणी लागत नसल्यामुळे, बिनधास्त खाली बसलेला दिसू शकतो. म्हणून गाडीचे तोंड थोडे उंच ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर करावा आणि हेडच्या पुढच्या बाजूला, कूलंट बाहेर पडते तिथे असलेला हवा काढण्याचा स्क्रू उघडून सावकाश भरत राहावे. आधी फुसफुस होते, मग बुडबुड्यांसह पाणी येते, आणि अखंड धार आली की स्क्रू बंद करावा. इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्यावे. रेडिएटरचा खालचा पाइप हाताला गरम लागला आणि हीटरमधून गरम हवा आली, की कूलंट सगळीकडे पोहोचले. रात्रभर गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहून भर घालावी. पहिल्या आठवड्यात ती थोडी उतरते, कारण कोपऱ्यातले उरलेले बुडबुडे तेव्हा बाहेर पडतात.

नवा पट्टा सुरुवातीला किंचित लांबतो, म्हणून साधारण ३,००० किलोमीटरनंतर दोन्ही पट्ट्यांचा ताण पुन्हा तपासावा लागतो. रबर किलोमीटरने झिजते तसे वर्षांनीही वाळते, तेव्हा पट्ट्याच्या आवरणावर एक चिठ्ठी चिकटवून तीवर तारीख, किलोमीटर आणि पट्टे, रोलर, पंप यांपैकी काय काय नवे घातले ते लिहावे. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला झाकण उघडण्याआधी हीच माहिती हवी असेल.